घरचिन्ह : मुलांसमवेत करावयाचा एक गृहकला-पाठ

सुट्टी लागली की मुलांना कोणता उद्योग द्यावा, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. चित्रकलेचे वर्ग असतात, पण ते सर्वांच्या खिशाला परवडतातच असे नाही. प्रस्तुत लेखात आम्ही असा एक उपक्रम मांडीत आहोत की ज्याला खर्च नाममात्र आहे आणि ज्यात चित्रकला, भूमिती, इतिहास व घरातील वडीलधाऱ्यांशी मनमोकळे बोलणे ही चारही अंगे एकत्र येतात. हा उपक्रम म्हणजे आपल्या घराचे स्वतःचे चिन्ह मुलांच्या हातून तयार करवून घेणे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत याला 'फॅमिली क्रेस्ट' म्हणतात. मराठीत त्याला 'कुलचिन्ह' असा शब्द आहे.

हा शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. कुलचिन्ह असते राजेरजवाड्यांचे, सरदारांचे. ज्यांना कुळाच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या खाली बसविले गेले, त्यांनी कुलचिन्ह काढून मिरवायचे ते काय? या शंकेचे उत्तर शोधताना आम्ही थोडे वाचन केले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. चिन्हे कोणाच्या रक्तातून येत नाहीत. कोणीतरी केव्हातरी विचार करून ती ठरविलेली असतात. हे एकदा मुलांना समजले की पुढचा सारा पाठ सोपा होतो. म्हणून आधी थोडा इतिहास आणि मग कृती, असा क्रम ठेवला आहे.

युरोपातील ढाली

युरोपात अशा चिन्हांची पद्धत बाराव्या शतकात रूढ झाली. चिलखत आणि शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचा चेहरा दिसत नसे. रणांगणावर व खेळाच्या झुंजीत आपला कोण, परका कोण हे ओळखण्यासाठी ढालीवर रंगीत चित्र काढण्याची रीत पडली. फ्रान्समधील आंजू प्रांताचा सरदार जेफ्री ११५१ मध्ये मरण पावला. त्याच्या स्मारकावरील मीनाकाम ल मान्स येथे जपलेले असून त्यात त्याच्या निळ्या ढालीवर सोनेरी सिंह आहेत. त्याचा नातू विल्यम लाँगस्पे १२२६ मध्ये वारला. इंग्लंडमधील सॅलिसबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याची समाधी आहे आणि तेथील ढालीवरही तसेच सिंह आहेत. आजोबांची ओळखीची खूण नातवाकडे आली आणि तिला वारशाचे रूप मिळाले, ते अशा रीतीने.

येथे एक बारकावा सांगावयास हवा. 'क्रेस्ट' हा शब्द आपण संपूर्ण चिन्हासाठी वापरतो, परंतु मुळात तो फक्त शिरस्त्राणाच्या शेंड्यावर बसविलेल्या आकृतीसाठी आहे. ढाल, शिरस्त्राण, शेंड्यावरील आकृती आणि खाली ब्रीदवाक्याची पट्टी मिळून जे होते, त्याला 'कोट ऑफ आर्म्स' म्हणतात. दुसरे असे की इंग्लंडमध्ये हे चिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिले जाते, आडनावाला नव्हे. त्यासाठी लंडनमध्ये १४८४ साली तिसऱ्या रिचर्ड राजाने 'कॉलेज ऑफ आर्म्स' ही संस्था स्थापिली आणि ती आजही काम करते. आज संगणकावर आडनाव टाकले की क्षणात तयार ढाल छापून देणारी दुकाने आहेत. त्यांच्या चिन्हांना ना तेथील नियमांचा आधार असतो, ना आपल्या घराचा.

एका हातमोजेवाल्याची ढाल

विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या नावाचे एक उदाहरण देतो. नाटककार विल्यम शेक्सपिअरचे वडील जॉन हे स्ट्रॅटफर्ड गावी कातड्याचे हातमोजे बनविण्याचा धंदा करीत. १५९६ मध्ये त्यांना ढाल मंजूर झाली. सोनेरी ढालीवर तिरपा काळा पट्टा, त्या पट्ट्यावर भाला, आणि वर भाला धरलेला ससाणा. इंग्रजीत भाल्याला 'स्पिअर' म्हणतात, तेव्हा हा भाला आडनावावरूनच आला. ब्रीदवाक्याचा अर्थ होता, 'हक्काविना नाही.' तरीही १६०२ मध्ये याच खात्यातील एका अधिकाऱ्याने तक्रार केली की हलक्या लोकांना ढाली वाटल्या जात आहेत, आणि त्या यादीत 'शेक्सपिअर नट' असा उल्लेख होता.

या हकिकतीतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, मोठ्या साहित्यिकाच्या घरालाही 'तुमची लायकी काय' हा प्रश्न विचारला गेला. दुसरी, ज्या हातमोज्यांवर घर चालले त्यांची खूण त्या ढालीवर कोठेच नाही. तेथे भाला आहे, सुई नाही, कातडे नाही. याउलट युरोपातील अनेक कारागीर संघांनी आपली हत्यारे आणि आपला माल उघडपणे चिन्हात घेतला. जर्मन पाव भाजणाऱ्यांच्या संघाची खूण म्हणजे वेढ्याच्या आकाराचा त्यांचा पाव, 'प्रेट्झेल'. कष्टाची खूण दाखवावी की झाकावी, हा प्रश्न असा जुना आहे. त्याकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

जपानचे 'कामोन'

जपानमध्ये घराच्या चिन्हाला 'कामोन' किंवा नुसते 'मोन' म्हणतात. आरंभी दरबारी उमराव आपल्या बैलगाड्यांवर ते लावीत, नंतर सामुराई योद्ध्यांनी निशाणांवर घेतले. परंतु आम्हांस विशेष वाटले ते पुढचे. तोकुगावा राजवटीत सामान्य माणसाला आडनाव उघडपणे लावण्याची मुभा नव्हती. सर्वांना आडनाव सक्तीचे झाले ते १८७५ साली. मात्र व्यापारी, कारागीर आणि कलावंत मोन वापरू शकत होते व वापरीतही. नाव नसले तरी चिन्ह होते.

मोन बहुधा एकाच रंगाचे आणि गोलात बसणारे असते. पान, फूल, पंखा, पक्षी अशा साध्या वस्तू त्यात असतात. तोकुगावा घराण्याचे चिन्ह तीन पानांचे आणि सम्राटांचे सोळा पाकळ्यांच्या शेवंतीचे. समारंभाच्या किमोनोवर ते पाच ठिकाणी असते : पाठीवर मध्ये एक, दोन्ही बाह्यांच्या मागील बाजूस एकेक आणि छातीवर दोन. मित्सुबिशी कंपनीची तीन चौकटींची प्रसिद्ध खूण ही संस्थापक इवासाकी यांच्या घरचे चिन्ह आणि तोसा प्रांताच्या यामानौची घराण्याचे तीन पानांचे चिन्ह यांच्या मेळातून आली आहे. पश्चिम जपानच्या काही भागांत तर 'ओन्नामोन' म्हणजे स्त्रियांचे वेगळे चिन्ह असते आणि ते आईकडून मुलीकडे जाते. ही गोष्ट आमच्या घरातील मुलींना सर्वांत अधिक आवडली.

आपल्या देशातील उदाहरणे

आपल्या संस्थानिकांच्या सिंह-हत्तींच्या ढाली फार प्राचीन असतील असा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत भरविलेल्या दरबाराच्या निमित्ताने संस्थानिकांना चिन्हांकित निशाणे देण्यात आली. त्यांवरील युरोपीय धर्तीची चिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने तयार केली होती. म्हणजे पुरातन वाटणारी कित्येक कुलचिन्हे एका अधिकाऱ्याच्या टेबलावर जन्मली.

दुसरे उदाहरण आमच्या रोजच्या कामातले. रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली. तिच्या मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरील सिंह व ताडाचे झाड डोळ्यांपुढे होते. परंतु सिंहाऐवजी वाघ घ्यावा, तो या देशाला अधिक साजेल, असे ठरले. नोटा मोजताना हा वाघ रोज नजरेखालून जातो, पण तोही कोणीतरी विचारपूर्वक निवडलेला आहे हे आपण विसरतो.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. सारनाथ येथे १९०४-०५ मध्ये ओअर्टेल यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि सम्राट अशोकाच्या स्तंभाचा सिंहशीर्ष सापडला. २६ जानेवारी १९५० रोजी तो भारताचे राजचिन्ह झाला. स्वतंत्र देशाने त्या वेळच्या कोणत्याही संस्थानिक घराण्याचे चिन्ह घेतले नाही, हे ध्यानात घ्यावे. चित्रकलेच्या दृष्टीनेही येथे एक धडा आहे. मूळ शिल्पात चार सिंह पाठीला पाठ लावून आहेत, पण सपाट चित्रात तीनच दिसतात. त्यांच्या खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह आणि त्यांच्यामध्ये चक्रे आहेत. चित्रात मधोमध चक्र, उजवीकडे बैल व डावीकडे घोडा तेवढा येतो. सर्वांत खालचे घंटेच्या आकाराचे कमळ तर वगळलेलेच आहे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरविणे म्हणजेच चिन्ह करणे.

कुलचिन्ह की घरचिन्ह?

वरील सर्व उदाहरणांवरून आम्ही असे सुचवितो की आपण 'कुलचिन्ह' हा शब्द बाजूला ठेवावा आणि 'घरचिन्ह' म्हणावे. कुळ विचारते, तुम्ही कोणाच्या पोटी जन्मलात? घर विचारते, तुम्ही एकमेकांसाठी काय केले? कुळात आपण न विचारता पडतो. घर मात्र त्यात राहणारे सारे मिळून रोज घडवितात. सून आणि जावई, सांभाळलेले मूल, शेजारची एकटी मावशी, हेही घरात असतात. म्हणून घरचिन्ह म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. या घराने आजवर काय केले आणि पुढे काय करणार, याची ती खूण आहे.

पहिली बैठक : विचारपूस

पहिल्या दिवशी रंगाला हात लावू नये. मुलांच्या हाती एक शंभरपानी वही द्यावी आणि आजी-आजोबा, आई-वडील, मामा-मावशी यांना पुढील प्रश्न विचारण्यास सांगावे. एकाच्या घरी आजी-आजोबा नसतील, तर शेजारच्या वृद्धांकडून त्या काळची माहिती घ्यावी.

१. आपले गाव कोणते? तेथे कोणती नदी, कोणता डोंगर, दारात कोणते झाड होते?
२. आपण गाव का व केव्हा सोडले? पहिल्यांदा कोठे राहिलो?
३. घर कोणाच्या व कोणत्या कष्टावर उभे राहिले? हातात कोणते हत्यार होते?
४. घरात प्रथम लिहायला-वाचायला कोण शिकले? कसे?
५. आईच्या माहेरची हकिकत काय?
६. आपल्या घरात कोणती गोष्ट कधीही केली जात नाही आणि कोणती न चुकता केली जाते?

पाचवा प्रश्न गाळू नये. इंग्लंडच्या जुन्या रीतीत स्त्रीला ढालही नसे, तिचे चिन्ह समभुज चौकटीत काढीत. कॅनडाने १९८८ मध्ये स्वतःची चिन्हव्यवस्था उभारली. तेथे मुलगी आणि मुलगा या दोघांनाही वारसा समान मानला जातो. आपणही आरंभापासून आईची बाजू अर्ध्या वाट्याने धरावी.

कष्टाची खूण दाखवावी की नाही?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वसाहतीतील चार-पाच घरांतील मुलांना एकत्र बसवून आम्ही हा उपक्रम केला. तेव्हा खरी अडचण रंगांची आली नाही, ती तिसऱ्या प्रश्नाची आली.

एका मुलाने सांगून टाकले, "आम्ही सिंह काढणार." त्याचे आजोबा गिरणीत साच्यावर होते, १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती कायमची. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पेटीतून लाकडी धोटा काढून नातवाच्या हातात दिला. घासून गुळगुळीत झालेला, दोन्ही टोकांना निमुळता. मुलाने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, ही तर होडी आहे." आजोबा म्हणाले, "होडीच ती. तिच्यात बसून आपण सगळे इथवर आलो." सिंहाचा विषय तेथेच संपला.

दुसऱ्या घरी मात्र उलट झाले. तेथील आजींनी बांधकामावर घमेली वाहिली होती. नातीने मोठ्या उत्साहाने घमेल्याचे चित्र काढून दाखविले. आजी रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "जे वझं डोक्यावरनं उतरवाया माझा जन्म गेला, ते भितीवर कशापायी टांगतीस?" नात गप्प झाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "मग आजी, काय काढू?" आजी म्हणाल्या, "कंदील काढ. त्येच्या उजेडात तुझा बाप शिकला." त्या घराचे चिन्ह कंदील झाले.

या दोन्ही घरांचे उत्तर बरोबर आहे, असे आमचे मत आहे. कष्टाची लाज धरू नये हे खरे. पण कष्ट ज्यांनी सोसले, त्यांच्या संमतीवाचून ते चित्रात मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलांनी हा विवेक शिकावा. घाम गाळून मिळविलेली भाकर आणि जन्मावरून गळ्यात बांधलेले काम यांतही भेद आहे. गावकीची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, पण त्या कामाची आठवण वृद्धांच्या मनात अजून आहे. एखाद्या घराला त्या काळची काठी चिन्हात नको असेल, तर ती नसावी. एखाद्या घराला ती मोडलेली दाखवावीशी वाटली, तर तीही दाखवावी. निर्णय त्या घराचा.

तिसऱ्या एका घरी आणखी निराळी कल्पना निघाली. बँकेच्या खिडकीवर बसून आम्ही अंगठ्याचे ठसे नेहमीच पाहतो. अंगठा उठविणारी व्यक्ती बहुधा मान खाली घालते. त्या घरच्या पणजीचा अंगठा एका जुन्या कागदावर होता. मुलांनी तो ठसा मोठा करून काढला आणि त्याच्या रेषांतूनच पेनाचे निब बाहेर येते असे दाखविले. एक शब्दही न लिहिता चार पिढ्यांची हकिकत सांगून झाली.

दुसरी बैठक : आराखडा

साहित्य : ड्रॉइंग पेपर, पट्टी, कंपास, पेन्सिल, खोडरबर, पोस्टर कलर किंवा खडू, घोटीव कागद, कात्री, डिंक आणि जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद.

ढालीचा आकार असा काढावा. १२ सें.मी. लांबीची आडवी रेघ ओढा. तिच्या दोन्ही टोकांपासून खाली ४ सें.मी. सरळ उभ्या रेघा घ्या. डाव्या रेघेच्या खालच्या टोकावर कंपासचे टोक ठेवून १२ सें.मी. त्रिज्येने उजव्या रेघेच्या खालच्या टोकापासून खाली कमान काढा. तसेच उजव्या टोकावरून डावीकडची कमान काढा. दोन्ही कमानी जेथे मिळतील ते ढालीचे टोक. एकूण उंची सुमारे साडेचौदा सें.मी. भरेल. मोठ्या मुलांनी पायथागोरसच्या सिद्धान्ताने ती पडताळून पाहावी. आकार मोठा हवा असल्यास कंपासऐवजी टाचणी व दोरा वापरावा. ढाल नको असेल त्यांनी जपानी पद्धतीचे वर्तुळ घ्यावे. लढाईशी संबंध नसलेल्या घराला वर्तुळ अधिक शोभते, असे काही मुलांचे म्हणणे पडले.

ढालीचे उभे दोन भाग केल्यास एक आईकडचा, एक वडिलांकडचा होतो. आडवे भाग केल्यास वर आजचे, खाली मागचे दाखविता येते. एकूण वस्तू तीनपेक्षा अधिक नसाव्यात. पुस्तक, झाड, नदी, शाळा, आगगाडी, संगणक असे सारे कोंबले की ते चिन्ह राहत नाही, तक्ता होतो. झालेले चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरावे. तेथून ओळखता आले तर ते उत्तीर्ण.

तिसरी बैठक : रंग आणि कात्री

युरोपीय पद्धतीचा रंगांचा एक नियम फार उपयोगी आहे. पिवळा व पांढरा हे दोन 'धातू' म्हणजे सोने-चांदी मानले जातात. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. रंगावर धातू किंवा धातूवर रंग घालावा, रंगावर रंग घालू नये आणि धातूवर धातूही नको. कारण उघड आहे, निळ्यावरील काळे लांबून दिसत नाही. टॅक्सीच्या पिवळ्या पाटीवरील काळे आकडे चटकन वाचता येतात, ते याच कारणाने.

लहान मुलांना कागद कापण्याची जपानी रीत द्यावी. तिला 'मोनकिरी' म्हणतात. घोटीव कागदाचा चौरस घ्या. कर्णावर घडी घालून त्रिकोण करा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. तीन घड्यांनी आठ पदर होतात. कागदाचा मध्यबिंदू ज्या टोकाला आला, ते टोक बोटांत धरा. त्रिकोणाच्या मध्यभागी पूर्ण पाकळी काढून कापली तर उलगडल्यावर आठ पाकळ्या मिळतात. घडीच्या कडेला टेकवून अर्धी पाकळी काढली तर चार मिळतात. मात्र घडीची कड पूर्ण कापून टाकू नये, नाहीतर तुकडे हातात येतात. कापलेली आकृती गडद कागदावर डिंकाने चिकटवावी. भूमितीतील सममिती शिकविण्यास यापरते सोपे साधन आम्हांस माहीत नाही.

चौथी बैठक : ब्रीदवाक्य

ब्रीदवाक्य तीन-चार शब्दांचे आणि आपल्या बोलीत असावे. मोठमोठे संस्कृत किंवा इंग्रजी शब्द नकोत. ते घर जे खरोखर करते, तेच लिहावे. आमच्या मुलांनी केलेली काही वाक्ये अशी : 'मान ताठ, हात चालता', 'आधी वाचू, मग बोलू', 'दारी आला तो जेवून गेला'. धोट्याच्या घरातील मुलाने लिहिले, 'धागा तुटू देणार नाही.' ब्रीदवाक्य ठरल्यावर घरातील सर्वांनी एकदा विचारावे, हे आपण पाळतो का? पाळत नसू, तर वाक्य बदलावे किंवा वागणे.

काय टाळावे?

पहिली गोष्ट, चार सिंहांचे राजचिन्ह घेऊ नये. त्याच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे. शिवाय ते साऱ्या देशाचे आहे, एका घराचे नव्हे. दुसरी गोष्ट, तथागतांचे किंवा बाबासाहेबांचे चित्र मुले प्रेमाने काढू पाहतात. ते भिंतीवर आदराने जरूर असावे. परंतु घरचिन्हात ते घातले की मुले आपल्या घराची हकिकत शोधण्याचे थांबतात. थोरांचे नाव घेणे सोपे, त्यांच्या मार्गावर आपल्या आजीने किती पावले टाकली हे शोधणे अवघड. घरचिन्ह हे त्या पावलांचे असावे. तिसरी गोष्ट, दुसऱ्या घराच्या चिन्हाशी तुलना किंवा स्पर्धा नको. बक्षिसे ठेवू नयेत. कोणाचा कंदील कोणाच्या धोट्याहून थोर नाही.

चिन्हाचा उपयोग

तयार झालेले चिन्ह पुठ्ठ्यावर चिकटवून दाराजवळ लावावे. वह्यांच्या लेबलांवर, वाढदिवसाच्या निमंत्रणावर, गावी पाठवावयाच्या पत्रावर ते काढता येते. बटाटा अर्धा कापून त्यावर सोपी आकृती कोरली की ठसा तयार होतो. अक्षरे कोरायची असल्यास ती उलटी कोरावी लागतात, हे मुलांनी आरशात पाहून शिकावे. विचारपुशीची वही मात्र जपून ठेवावी, कारण चित्रापेक्षा तिचे मोल अधिक आहे. त्यातील माणसे उद्या विचारावयास असतीलच असे नाही. चिन्हाच्या मागील बाजूस तारीख आणि ज्यांनी ते केले त्या सर्वांची नावे लिहावी. लहानग्यांचीही, आणि ज्यांनी हकिकत सांगितली त्या वृद्धांचीही.

दर पाच-सात वर्षांनी चिन्ह पुन्हा पाहावे. घरात नवीन माणूस आले, नवे काम सुरू झाले, तर एखादी रेघ वाढवावी. युरोपातील ढालीही विवाहानंतर दोन घरांची चिन्हे एकत्र करून बदलत असत. आपले चिन्ह दगडात कोरलेले नाही, ही त्याची उणीव न मानता सोय मानावी.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत तुम्हांला राजांच्या वंशावळी पाठ कराव्या लागतात. त्या जरूर पाठ करा. पण येत्या सुट्टीत एक वही घेऊन आपल्या आजीजवळ बसा आणि पहिला प्रश्न विचारा. पालकांनी त्या वेळी मध्ये बोलू नये, एवढीच विनंती.